बोटी मोजणाऱ्या मयेकरबाई

मयेकरबाईंचं वजन मी कधी केलं नाही. पण त्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात शिरल्या की खालच्या कारखान्यातलं वॉशर पाडायचं मशीन एक ठोका चुकायचं, एवढं मी शपथेवर सांगतो. एखादा वॉशर वाकडा निघाला की खालचा फोरमन वर छताकडे बघून म्हणायचा, "बाई आल्या." यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर वाटू दे. मी आठ वर्षं अंदाज विभागात काढली आहेत. आकडा थोडा फुगवून सांगावा, ऐकणारा आपल्या मनाने थोडा कमी करून घेतो आणि मग तो बरोबर बसतो, हे मला खुद्द बाईंनीच शिकवलं.

अंदाज विभाग हवामानाचा नव्हे, बोटींचा. किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणाऱ्या छोट्या बोटींची एजन्सी हा आमच्या कंपनीचा धंदा. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुख्य ऑफिस फोर्टात, गोदीच्या जवळ, पंखे आणि गाद्याबिद्या असलेलं. 'माहिती व अंदाज विभाग' मात्र अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटीच्या गाळ्यात. आमच्या मोठ्या शेठचं म्हणणं असं की अंदाज करणाऱ्या माणसाला समुद्र दिसता कामा नये; दिसला की तो कविता करायला लागतो. आम्हाला खिडकीतून नाला दिसायचा. कविता कुणालाच झाली नाही. विभागात माणसं दोन: विभागप्रमुख मयेकरबाई आणि उरलेला विभाग म्हणजे मी.

काम ऐकायला सोपं होतं. येत्या तीन महिन्यांत मुंबईहून कुठल्या बंदराला किती बोटी सुटतील ते सांगायचं. कांडला, मंगलोर, कोचीन ही शहाणी बंदरं; मागची पाच वर्षं घ्या, सरासरी काढा, चहा प्या. गोची होती ती कराचीची. समुद्रातून दोन दिवसांची वाट, पण मध्ये दोन सरकारं. इकडचा कुणी मंत्री काही बोलला, तिकडचा कुणी जनरल खाकरला, की परवाने अडायचे. एका तिमाहीत बारा बोटी, दुसरीत भोपळा, तिसरीत सहा. मी पार्ल्याच्या कॉलेजातून संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. पहिल्याच आठवड्यात मी कराचीच्या बोटींचा चार रंगांत आलेख काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून तो उलटा धरला, मग सुलटा.

"हा कोणाचा कार्डिओग्राम रे? माणूस जिवंत आहे ना?"

"बाई, हा कराचीचा ट्रेंड."

"ट्रेंड! अरे बियेस्सी, कागदावर आकड्याची साल येते. आकडा माणसाच्या तोंडावर असतो. चल, चपला घाल. शनिवार आहे, घाटकोपरला जाऊ."

तेव्हापासून माझं नाव बियेस्सी पडलं ते पडलंच. माझ्या लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरसुद्धा बाईंनी 'चि. बियेस्सी' लिहिलं होतं. सासरची माणसं बरेच दिवस ते आडनाव समजत होती.

बाई कराचीत जन्मल्या, कराचीतच वाढल्या. मूळ गाव मालवणकडचं. वडील कराचीच्या बंदरावर मुकादम होते, घरात मालवणी, शाळा मराठी. सतरा-अठराव्या वर्षी सगळं कुटुंब बोटीने मुंबईला आलं आणि विलेपार्ल्यात राहिलं. 'फाळणी' हा शब्द मी बाईंच्या तोंडून कधी ऐकला नाही. त्या म्हणायच्या, "आम्ही घर बदललं तेव्हा." इतक्या सहज, की ऐकणाऱ्याला वाटावं, चाळीतल्या पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर गेले असतील. ऑफिसात बाई आपलं मुंबईचं मराठी बोलायच्या. राग आला किंवा आनंद झाला की मात्र थेट मालवणी सुरू. त्यामुळे कोणती भाषा चालू आहे हे ऐकून आत जायचं की नाही ते ठरवता यायचं.

घाटकोपरला शांतिभाई म्हणून एक वाणी होता. त्याच्या दुकानात खारकेची एक मोठी बरणी. आपल्या बाळंतिणींच्या डिंकाच्या लाडवात जी खारीक पडते ती बहुतेक तिकडून, सिंधमधून येणारी. कराचीची वाट मोकळी होणार असली की ते सरकारच्या आधी मसाला बाजाराला कळतं, आणि बाजाराला कळलं की शांतिभाईच्या बरणीला कळतं. माल येणार असेल तर बरणी गल्ल्याजवळ, झाकण उघडं. वाट बंद होणार असेल तर बरणी वरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी.

"काय शांतिभाई, बरणी वर गेली?"

"उंदीर झालेत, बाई."

"उंदीर काय फक्त खारीक खातात? बदाम तर खालीच आहेत."

"बाई, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

"उंची कमी पडली. पाव किलो बदाम बांध."

परतीच्या बसमध्ये बाई बदाम चघळत म्हणायच्या, "लिही. तीन बोटी कमी." आणि तीनच कमी व्हायच्या. माझा मुलगा झाला तेव्हा बाई मुलुंडला आमच्या घरी आल्या. पाळण्याकडे जाण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन डिंकाचा लाडू उचलला, एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जुनी खारीक. मे महिन्यापर्यंत काही खरं नाही." पोराचं नाक कोणावर गेलंय हे नंतर बघितलं.

दुसरा साक्षीदार बोरिवलीचा एक बुरूड. वसईची विड्याची पानं कराचीला जायची, तिकडच्या लोकांचं त्यावाचून जेवण पचत नाही असं बाई सांगायच्या. पानं जातात बांबूच्या टोपल्यांतून. त्यामुळे पानवाल्यांनी टोपल्या सांगितल्या की समजायचं, बोट लागणार. बाई त्या बुरुडाच्या अंगणात पाटावर बसून अर्धवट विणलेल्या टोपल्या मोजायच्या, आणि एखादीची वीण सैल वाटली तर त्याला ती उसवायला लावायच्या.

पण बाईंचा खरा हुकमी साक्षीदार वेगळाच होता. तिचं नाव जैनब.

जैनब म्हणजे कराचीच्या मराठी शाळेतली, एका बाकावरची मैत्रीण. रत्नागिरीकडचं कोकणी मुसलमान कुटुंब, ते तिथेच राहिलं. दोघींचा पत्रव्यवहार अखंड चालू, मधल्या लढायांनी खंड पडला तेवढाच. जैनबचं पत्र मराठीत, पुस्तीच्या वळणदार अक्षरात, कमीत कमी चार पानी. निम्म्यात तब्येती, निम्म्यात जेवण. दोघी एकमेकींना पाककृती पाठवायच्या आणि पुढच्या पत्रात एकमेकींच्या पाककृतींची सालटी काढायच्या. बाईंनी पत्ता ऑफिसचा दिला होता, कारण त्यांच्या मते ती सरकारी तोडीची कागदपत्रं होती. पत्रात काय लिहिलंय याला अंदाजात काही किंमत नव्हती. पत्राला किती दिवस लागले ते महत्त्वाचं.

"बघ बियेस्सी," बाई सांगायच्या, "तिकडे पत्र फोडून वाचणारा माणूस आणि परवान्यावर सही करणारा माणूस, दोघं एकाच साहेबाच्या मूडवर चालतात. साहेब खूश, पत्र पंधरा दिवसांत. मग लिही नऊ-दहा बोटी. महिना लागला, चार-पाच. चाळीस दिवस, एखादी. पन्नासच्या वर गेलं की गोदीत झाडू मारून घ्या."

"पण दिवस कुठून मोजायचे? पोस्टाच्या शिक्क्यावरून?"

"शिक्का वाचता येतो काय कधी? शाईचा डाग नुसता. जैनब वर तारीख घालते ती खरी. जगात दोघंच तारीख बरोबर घालतात, एक पंचांगवाले आणि दुसरी जैनब."

हे शास्त्र मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं. पण सहा वर्षांत बाईंचा कराचीचा आकडा एका बोटीपेक्षा जास्त चुकलेला मी पाहिला नाही. आणि माझा ट्रेंड एका बोटीपेक्षा कमी चुकलेला पाहिला नाही.

सातव्या वर्षी शेठचे जावई परदेशातून शिकून आले आणि त्यांच्याबरोबर कॉम्प्युटर आला. त्या यंत्रासाठी फोर्टच्या ऑफिसात काचेची खोली झाली, खोलीत एसी बसला, आणि चपला बाहेर काढून आत जायचा नियम झाला. फुलं तेवढी वाहायची राहिली. जावईसाहेब माणूस वाईट नव्हता. नम्र होता, आणि नम्र माणसांना आमच्या बाईंसमोर नेहमीच घाम यायचा. ते अंधेरीला आले, नाल्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, एवढं एक टेबल चालवायला आपल्याला अख्खा गाळा लागतो. येत्या तिमाहीचा कराचीचा अंदाज यंत्रही करेल, तुम्हीही करा. शुक्रवारपर्यंत बंद पाकिटात द्या. सोमवारी एक वाजता मीटिंग आहे, आपण भाड्याने घेतलेली छोटी बोट ठेवायची की सोडून द्यायची ते त्यावर ठरवू. तुमचा अंदाज चुकला तर हा विभाग बंद करू. तुम्हाला फोर्टात आवक-जावकचं टेबल देऊ."

आवक-जावक! म्हणजे दिवसभर पाकिटांवर नंबर टाकत बसायचं. बाईंच्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती.

"आणि यंत्र चुकलं तर?" बाईंनी विचारलं.

"यंत्राला अजून शिकायचं आहे."

"मग मी पण शिकते. माझं वय काय, अवघं पंचावन्न."

त्या आठवड्यात आम्ही घाटकोपरला गेलो. बरणी खाली, झाकण उघडं, शांतिभाई गिऱ्हाइकांच्या पोरांच्या हातावर फुकट खारीक ठेवतोय. बोरिवलीला टोपल्यांचा असा ढीग की बुरुडाची बायको त्यातून हाका मारत वाट काढत आली. सगळीकडे दिवाळी! आणि शुक्रवारी सकाळी जैनबचं पत्र आलं. बाईंनी वरची तारीख बघितली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवत गेल्या, पान उलटलं, पुन्हा बोट फिरवलं आणि खुर्चीत बसल्या. खाली मशीनचे दोन ठोके चुकले.

"अठ्ठावन्न," त्या म्हणाल्या.

मी पत्र बघितलं. चार पानांऐवजी चार ओळी. 'इकडे सर्व ठीक. तुम्ही बरे असाल. पाऊस नाही. जैनब.'

"बाई, पत्र फारच छोटं आहे."

"भीतीनं. लिहायचीपण चोरी झाली असणार बिचारीला."

"पण बरणी? टोपल्या? दोघं एक सांगतायत, तिसरं वेगळं. मधला आकडा काढूया?"

"वाण्याला बाजार कळतो, बुरुडाला गिऱ्हाईक. सरकार कुणाला कळतं? जैनबला. ती शाळेतपण कधी खोटं बोलली नाही, माझी चोरी तिनेच वर्गाच्या बाईंना सांगितलेली." आणि बाईंनी कागदावर शून्य काढलं. इतकं दाबून काढलं की मधलं कागदाचं वर्तुळ निखळून खाली पडलं. पाकीट संध्याकाळी फोर्टला गेलं.

सोमवारी अकराला पोस्टमन आला आणि त्याने जैनबचं दुसरं पत्र टेबलावर टाकलं. जाडजूड. बाईंनी तारीख बघितली. चौदा दिवस! तीन दिवसांत अठ्ठावन्नाचे चौदा कसे होतील? बाईंनी ते मोठ्याने वाचायला घेतलं, आणि ते पत्र मला आजही पाठ आहे.

'मागच्या वेळी मी काही लिहिलं नाही कारण मी रुसले होते. मी तुला कळवलं की इथे तिरफळं मिळत नाहीत, बांगड्याचं तिखलं कसं करू? त्यावर तू लिहिलंस, तिरफळं नसली तरी चालतील, तुझ्या हातच्या बांगड्याला नाहीतरी काय चव असते. हे वाचून मी चार ओळी खरडल्या, तारीख घातली आणि पत्र गादीखाली सारलं. दीड महिना त्यावर झोपले. परवा सुनेने गादी उन्हात टाकली, तिला ते सापडलं आणि तिने शहाणपणा करून पोस्टात टाकलं. मी अजून रुसलेलीच आहे, हे कळवण्यासाठी हे पत्र.'

पुढच्या साडेतीन पानांत सुनेची खरडपट्टी आणि तिरफळांशिवायचं तिखलं.

बाईंनी पत्र टेबलावर ठेवलं. मग असं हसू फुटलं त्यांना की खाली कारखान्यात मशीन आपणहून बंद पडलं. "गादीखाली ठेवन निजली मेली! दीड महिनो माज्या आकड्यार निजली!" डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात. आणि मग एकदम हसू थांबलं. "बियेस्सी! पाकीट!"

फोर्टच्या मीटिंगला दोन तास होते. शून्याचा आकडा वाचून ते बोट सोडून देणार. आमचा फोन गणपतीपासून मुका होता. मी हळूच म्हटलं, "बाई, पाकीट तर गेलंच आहे. कदाचित खरंच शून्य होईल. आपण गप्प बसलो तर..."

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी चपला घालायला लागलो.

रिक्षात बाई बसल्या आणि उरलेल्या जागेत मी, म्हणजे बराचसा रिक्षाबाहेर. पार्ल्यापासून वांद्र्यापर्यंत रस्त्याने चालणारा कुणीही सहज माझ्याशी हात मिळवू शकला असता. वांद्र्याला रिक्षाची हद्द संपली. तिथे टॅक्सी. टॅक्सीवाला मीटर टाकायच्या आधी हार टाकायला गेला तर बाई म्हणाल्या, "देवाला मी सांगते, तू गाडी काढ." माहीमला अडकलो, वरळीला अडकलो. आपण सरळ लोकलने आलो असतो तर अर्ध्या तासापूर्वी पोचलो असतो, हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं. बाईंना तिसऱ्या दिवशी. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

मीटिंगच्या खोलीत आम्ही घुसलो तेव्हा जावईसाहेबांनी पाकीट नुकतंच फोडलं होतं आणि ते त्या भोकातून शेठकडे बघत होते.

"तो आकडा चुकला," बाई दारातूनच म्हणाल्या. "शून्य नाही. नऊ."

"शुक्रवारी शून्य आणि सोमवारी नऊ? मध्ये काय झालं, बाई?"

बाईंनी सांगितलं. सगळं. गादी, सून, बांगडा, तिरफळं. खोलीत चौदा माणसं होती, तेराजण टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखे वाकले. जावईसाहेबांनी मात्र गंभीरपणे विचारलं, "म्हणजे तुमच्या मैत्रिणीचा रुसवा आपल्या अंदाजात मोजला गेला?"

"होय. तुमचं यंत्र काय म्हणतं?"

"चार पूर्णांक सात बोटी."

"पूर्णांक सात बोट म्हणजे? बुडालेली काय?"

"बाई, चूक तुम्ही स्वतःच कबूल केलीत. ठरल्याप्रमाणे विभाग..."

तेव्हा मोठे शेठ बोलले. कच्छचा म्हातारा, तरुणपणी स्वतः गलबतांवर हिंडलेला. मीटिंगमध्ये बोलायचा नाही, नुसती सुपारी कातरायचा. त्याने अडकित्ता ठेवला.

"बाई, खारकेची बरणी कुठे आहे?"

"गल्ल्याजवळ, शेठ. झाकण उघडं."

"टोपल्या?"

"बोरिवलीला पाय ठेवायला जागा नाही."

शेठ जावयाकडे वळले. "जमाईराज, तुमचं यंत्र चुकलं तर टॅक्सी करून सांगायला येईल काय? बोट ठेवा. नऊ सुटल्या तर विभाग राहील. आठ सुटल्या तर बाई आवक-जावकला."

बाहेर येऊन बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि तिथेच परदेशी टपालाचा एरोग्राम लिहायला घेतला. मी विचारलं, "माफी मागितलीत ना?"

"माफी कसली? चव नसते तर नसते. मी लिहिलं, पुढच्या वेळी रुसशील तर वर तारीख घालू नको."

त्या तिमाहीत आमच्या विभागाने दुसरं काही काम केल्याचं मला आठवत नाही. रोज सकाळी गोदीतून आकडा यायचा. दिवाळीपर्यंत चार. यंत्राचा अंदाज तिथेच डळमळायला लागला. पाचवी सुटली तेव्हा बाईंनी खाली वॉशरवाल्यांना पेढे वाटले. सहा, सात, मग आठ. आणि मग तीन आठवडे काही नाही. नववी म्हणजे आमचीच ती भाड्याची छोटी बोट. ती कराचीला दोनदा जाऊन आली होती, तिसऱ्या फेरीला तिमाहीच्या अगदी शेवटच्या दिवशी सुटायची होती. गोदीचं दार भरतीच्या वेळेलाच उघडतं. त्या दिवशी भरती दुपारी चारची. चुकली की बोट पुढच्या तिमाहीत आणि बाई आवक-जावकला.

आम्ही पास काढून दोन वाजता गोदीत पोचलो. बाईंच्या हातात जेवणाचा डबा तसाच. धक्क्यावर जावईसाहेब घड्याळ बघत उभे, आणि बोट ठप्प. वसईचा पानवाला डोकं धरून ओरडत होता. हमालांनी पानांच्या सगळ्या टोपल्या डेकवर आडव्या रचल्या होत्या, त्याही धुराड्याला चिकटून. तो म्हणत होता, असा माल गेला तर कराचीला पोचेल तो पाचोळा. टोपल्या नीट लावल्याशिवाय मी कागदावर सही करणार नाही. मुकादम म्हणत होता, माझ्या माणसांची जेवायची सुट्टी तीनपर्यंत. कप्तान म्हणत होता, साडेतीनला कागद नाही आले तर मी आज निघत नाही. प्रत्येकाचं आपल्या जागी बरोबर होतं.

बाईंनी डबा माझ्या हातात दिला. चपला काढल्या, त्याही दिल्या. पदर खोचला आणि शिडीवरून त्या बोटीवर चढल्या. बोट त्या बाजूला जरा कलली, हे मी एकट्याने पाहिलेलं नाही.

"ए मुकादमा!" वरून आवाज आला. "माजो बापूस मुकादम होतो कराचीच्या बंदरार. तेना कधी पानां आडवी निजवली नाय! उठा रे, भाकरी हातात घेऊन उठा. उभी लावा टोपली, देठ खाली. धुराड्यापासून चार हात लांब. आणि ओला किंतान टाका वर!"

हमाल खरंच उठले. एकाच्या तोंडात घास होता, तो तसाच टोपली उचलायला लागला. बाई सगळ्यांच्या मध्ये उभ्या राहून बोटाने जागा दाखवत होत्या, आणि एखादी टोपली मनासारखी बसली नाही तर स्वतः वाकून फिरवत होत्या.

जावईसाहेब खालून ओरडले, "बाई, याला अंदाज नाही म्हणत! ही ढकलाढकली झाली!"

"मग तुमच्या यंत्राला सांगा ना साहेब, एक टोपली उचल म्हणावं!"

साहेब हसले. काही क्षण उभे राहिले, मग टाय खिशात कोंबून स्वतः धक्क्यावरच्या नळावर गेले आणि किंतानाची गोणपाटं भिजवायला लागले. स्वतःचा आकडा बुडवायला असा राबणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

साडेतीनला शेवटच्या दोन रांगा सोडून सगळ्या टोपल्या उभ्या राहिल्या आणि पानवाल्याने सही केली. चारला दार उघडलं. बोटीवर पायलट चढला होता, म्हणजे बोटीला बंदराच्या तोंडापर्यंत वाट दाखवून मग आपल्या लाँचने परत येणारा माणूस. त्याने शिटी मारली, हमाल उतरले, खलाशांनी शिडी ओढली, दोर सुटले, आणि धक्का आणि बोट यांच्यामध्ये हातभर पाणी दिसायला लागलं.

"बाई!" मी ओरडलो. "बाई, उतरा! सुटली!"

बाईंनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. अजून दोन रांगा लावायच्या बाकी होत्या.

हातभर पाण्याचं दहा हात झालं. जावईसाहेब भिजलेल्या बाह्यांनी माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "नऊ," ते म्हणाले. मग घाबरून, "अहो, बाई परत येतील ना?"

मी अंदाज विभागात होतो. प्रश्न माझ्या खात्यातला होता.

"येतील, साहेब. पायलटच्या लाँचने. सहाच्या आत."

"कशावरून म्हणता?"

"डबा माझ्याकडे आहे. सुरमई आहे त्यात, आणि सकाळपासून जेवल्या नाहीयेत."

त्यांनी डब्याकडे बघितलं, मान हलवली आणि बोटीचे दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसून घेतलं. मीही बसलो. बोट दारातून बाहेर पडून वळत होती. डेकवर टोपल्यांच्या हिरव्या भिंतीपुढे बाईंची आकृती उभी, एका हाताने वाऱ्यावर उडणारा पदर धरलेला, दुसरा लांब केलेला. त्या हाताचं बोट जिकडे जाई तिकडे दोन खलाशी टोपली घेऊन धावत होते. एकदाही त्यांनी वळून आमच्याकडे बघितलं नाही.